शेजाऱ्याची सीमा: हेब्रॉन ते गाझाचे कुंपण

भूमध्य समुद्र आणि यार्देन नदी यांच्यामधला प्रदेश जेरुसलेमच्या रेषेवर पूर्व-पश्चिम मोजला, तर मुंबई-पुणे अंतराहूनही कमीच भरतो. एवढ्या लहान भूभागात ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांची अत्यंत पवित्र स्थळे एकमेकांना लागून उभी आहेत, आणि त्याच भूभागात इस्रायली व पॅलेस्टिनी हे दोन लोकसमूह कित्येक पिढ्यांपासून परस्परांच्या भयाखाली जगत आले आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने आणि तिच्या सहकारी गटांनी दक्षिण इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस धरून गाझात नेण्यात आले. त्यानंतर इस्रायलने गाझापट्टीत चालवलेल्या युद्धात, तेथील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदींनुसार, ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले, ज्यांत मुलांची संख्या फार मोठी होती, आणि जवळजवळ सगळी लोकवस्ती घरांतून उखडली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी जाहीर झाली, तरी दोन्ही बाजूंच्या घरांतला शोक कोणत्याही करारातल्या तारखेला संपणारा नव्हता.

अशा भूमीतून जाणाऱ्या प्रवाशापुढे स्थळदर्शनाच्या आधीच एक प्रश्न उभा राहतो: ज्या धर्मांनी या मातीला पवित्र ठरवले, ते धर्म या दोन्ही समूहांच्या दुःखाविषयी श्रद्धावंताकडून नेमके काय मागतात? येथे करुणा हा शब्द मर्यादित आणि काटेकोर अर्थाने घेतला आहे. दुसऱ्याचे दुःख स्वतःचे मानून त्याच्या निवारणासाठी स्वतःला झीज लावून घेणे म्हणजे करुणा, आणि अन्यायाला अन्याय म्हणण्याची जबाबदारी तिच्यात अंतर्भूत आहे. त्यामुळे दोन्हीकडच्या मृतांची बेरीज-वजाबाकी करून मध्यभागी थांबणाऱ्या तटस्थतेशी तिचे नाते नाही. या प्रश्नाचा मागोवा घेत जाणारी पुढील वाट हेब्रॉनपासून निघते, बेथलेहेम, जेरुसलेम, यरीहोचा उतार आणि रामला या ठिकाणांहून जाते आणि गाझाच्या कुंपणापाशी थांबते.

जेरुसलेमच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या आणि दगडी बांधांनी पायऱ्यापायऱ्यांच्या केलेल्या टेकड्यांच्या प्रदेशात हेब्रॉन वसलेले आहे. त्याचे अरबी नाव अल-खलील, म्हणजे मित्र. देवाचा मित्र हे इस्लामी परंपरेतील इब्राहिमांचे, म्हणजेच बायबलमधल्या अब्राहामाचे, बिरुद आहे. शहराच्या जुन्या भागात राजा हेरोदाच्या काळातील प्रचंड दगडी भिंतींच्या आत मखपेलाची गुहा आहे, जिला मुसलमान इब्राहिमी मशीद म्हणतात. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथानुसार अब्राहामाने पत्नी सारेच्या दफनासाठी हे शेत एफ्रोन हित्ती याच्याकडून ४०० शेकेल रुपे मोजून विकत घेतले, आणि पुढे तो स्वतः वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल या त्याच्या दोन्ही पुत्रांनी मिळून त्याला याच गुहेत मूठमाती दिली. इसहाक हा ज्यूंचा पूर्वज, तर इश्माएल हा अरबांचा पूर्वज मानला जातो. आई हागार हिच्यासह लहानपणी वाळवंटात धाडला गेलेला हा थोरला मुलगा बापाच्या अंत्यविधीला परत आला आणि धाकट्याच्या शेजारी उभा राहिला, एवढेच तो ग्रंथ सांगतो. त्या दोघांत कोणता समेट झाला, कोणी कोणाची क्षमा मागितली, याचा उल्लेख तेथे नाही. मृताविषयीचे कर्तव्य मात्र समेटाची वाट न पाहता दोघांनी एकत्र पार पाडले.

आज ही इमारत दुभागलेली आहे. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानच्या महिन्यात पहाटेच्या नमाजाच्या वेळी, बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतवाल्याने येथे गोळीबार करून २९ पॅलेस्टिनी उपासकांना ठार मारले, आणि त्यानंतर वास्तूचा एक भाग ज्यूंसाठी व दुसरा मुसलमानांसाठी असा कायमचा विभागण्यात आला. वर्षातून ठरावीक दहा दिवस संपूर्ण वास्तू ज्यूंकडे आणि तितकेच दिवस मुसलमानांकडे असते. एरवी अब्राहामाच्या कबरीचे स्मारक मध्ये येते आणि दोन्ही बाजूंचे भाविक आपापल्या खिडकीतून त्याच एका स्मारकाचे दर्शन घेतात. त्याच्याही आधी, ऑगस्ट १९२९ मध्ये, याच शहरात अरब जमावाने ६७ ज्यूंची हत्या केली होती, आणि त्याच दिवशी इतर अनेक ज्यूंना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलेही होते. १९९७ च्या करारानुसार शहराचे दोन विभाग झाले. इस्रायली लष्कराच्या ताब्यातील विभागात काही शेकडे वसाहतवाले हजारो पॅलेस्टिनींच्या मध्यभागी राहतात, पूर्वीची गजबजलेली शुहदा गल्ली पॅलेस्टिनींसाठी मोठ्या प्रमाणात बंद आहे, आणि जुन्या बाजारावर वरच्या मजल्यांवरून फेकला जाणारा कचरा अडवण्यासाठी जाळ्या बांधलेल्या आहेत.

हेब्रॉनमध्ये ज्यू १९२९ ची आठवण सांगतो, मुसलमान १९९४ ची, आणि दोघांचेही सांगणे खरे असते. श्रद्धेचा पहिला कस येथे लागतो, कारण स्वतःच्या मृतांचे स्मरण करायला कोणत्याही धर्माची गरज नसते. दुसऱ्याच्या मृतांचे स्मरण करताना आपल्या दुःखाचे मोल घटत नाही, ही खात्री मात्र धर्माकडून मिळू शकते. १९२९ मध्ये दाराआड ज्यू कुटुंबे लपवणाऱ्या अरब गृहस्थांनी जमावासमोर ती खात्री कृतीने सिद्ध केली, आणि म्हणून त्यांची आठवण हीही हेब्रॉनच्या इतिहासाचा तितकाच वजनदार भाग मानली पाहिजे.

हेब्रॉनहून उत्तरेला येताना बेथलेहेमच्या नैऋत्येस एका टेकडीवर एका पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबाचे शेत लागते, जे 'टेंट ऑफ नेशन्स' या नावाने ओळखले जाते. ही जमीन त्या कुटुंबाने १९१६ मध्ये, म्हणजे उस्मानी तुर्की राजवटीत, विकत घेतली आणि तिची नोंदही केली. १९९१ मध्ये इस्रायली प्रशासनाने ती सरकारी ठरवली, तेव्हापासून तिच्यावरील हक्काचा दावा न्यायालयांत चालू राहिला, आणि २०१४ च्या मे महिन्यात लष्करी बुलडोझरांनी तेथील शेकडो फळझाडे उखडून टाकली. चारही बाजूंनी इस्रायली वसाहती वाढत असताना या कुटुंबाने शेताच्या प्रवेशद्वाराशी दगडावर अनेक भाषांत एकच निश्चय कोरून ठेवला आहे, तो असा की आम्ही कोणाचे शत्रू होण्यास नकार देतो. या नकारात शरणागती अजिबात नाही. जमीन सोडायची नाही, दावा मागे घ्यायचा नाही, आणि तरीही मनात वैराला जागा द्यायची नाही, असे तीन संकल्प त्यात एकत्र नांदतात. प्रेम आणि हक्काचा आग्रह परस्परविरोधी आहेत असे मानणाऱ्या कोणाही अभ्यासकाने ही टेकडी पाहावी.

बेथलेहेममध्ये प्रवेश करताना आठ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत समोर येते. ही भिंत म्हणजे दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे सन २००० मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, आत्मघाती स्फोटांना अटकाव करण्यासाठी इस्रायलने २००२ पासून बांधायला घेतलेल्या अडथळ्याचा एक भाग आहे. तिचा मोठा हिस्सा वेस्ट बँकच्या, म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशाच्या आत घुसलेला असल्यामुळे ती एका बाजूला सुरक्षिततेची आणि दुसऱ्या बाजूला हिरावल्या गेलेल्या जमिनीची खूण आहे. गावात येशूच्या जन्मस्थळावरील चर्च चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात प्रथम उभे राहिले आणि सहाव्या शतकात पुन्हा बांधले गेले. त्याचे दार इतके ठेंगणे आहे की आत जाणाऱ्या प्रत्येकाला, तो सत्ताधीश असला तरी, वाकावेच लागते. २०२३ च्या नाताळात जेरुसलेममधील चर्चप्रमुखांच्या आवाहनानुसार या गावाने रोषणाई आणि मिरवणुका रद्द केल्या, आणि तेथील लुथरन चर्चमध्ये पाळक मुंथर आयझक यांनी गव्हाणीच्या जागी दगडविटांचा ढिगारा रचून त्यात बाळ येशूची मूर्ती ठेवली. ख्रिस्ती धर्मविचारात देहधारण, म्हणजे देवाने मानवी देह घेणे, या सिद्धान्ताला मध्यवर्ती स्थान आहे, आणि त्या ढिगाऱ्याने त्या सिद्धान्ताचा कठोर अर्थ जगापुढे मांडला: देव सिंहासनाजवळ शोधायचा नसून चिरडल्या गेलेल्याच्या जवळ शोधायचा असतो. हाच अर्थ प्रामाणिकपणे पुढे नेला, तर दक्षिण इस्रायलमधील नीर ओझच्या जळालेल्या घरातही आणि भुयारातल्या ओलिसाच्या शेजारीही तोच देव शोधावा लागतो. सिद्धान्ताला एकाच बाजूची सीमा घालण्याचा अधिकार श्रद्धावंताला उरत नाही.

जेरुसलेमचे तटबंदीतले जुने शहर एक चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि तरी तेथे पश्चिम भिंत, पवित्र कबरीचे चर्च, आणि सोनेरी घुमटाची वास्तू व अल-अक्सा मशीद असलेले हरम अल-शरीफ हे आवार पायी काही मिनिटांच्या अंतरावर येतात. पवित्र कबरीच्या चर्चची किल्ली शतकानुशतके जूदेह या मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचे काम नुसैबेह हे दुसरे मुसलमान घराणे करते. ख्रिस्ती पंथांना एकमेकांवर जितका विश्वास ठेवता आला नाही, तितका तो या शेजाऱ्यांवर ठेवता आला. शहराच्या उत्तरेकडील हेरोद दरवाजाजवळ भारतीय धर्मशाळा आहे, जिला झाविया अल-हिंदिया म्हणतात. झाविया म्हणजे सुफी साधकांचा मठ. परंपरा सांगते की बाबा फरीद या चिश्ती संताने येथे चाळीस दिवस ध्यान केले, आणि त्याच फरीदांची वचने पुढे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. १९२४ पासून या धर्मशाळेची देखभाल सहारनपूरहून आलेल्या अन्सारी घराण्याकडे आहे. सीमा ओलांडणारी भक्ती भारतीय मनाला नवी नाही, आणि जेरुसलेमच्या तटाच्या आत तिचे एक घरच उभे आहे.

याच शहरातून १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅथलिक पंथाचे लॅटिन कुलगुरू कार्डिनल पिएरबात्तिस्ता पिझ्झाबाल्ला यांनी जाहीर केले की ओलीस धरलेल्या इस्रायली मुलांची सुटका होत असेल, तर त्यांच्या बदल्यात स्वतःला हमासच्या हाती देण्याची त्यांची तयारी आहे. त्यांच्याच अधिकारक्षेत्रात गाझा शहरातील पवित्र कुटुंब चर्च येते, जेथे युद्धकाळात शेकडो माणसे आश्रयाला होती आणि मदर तेरेसा यांच्या कोलकात्यात स्थापन झालेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटी संघाच्या भगिनी अपंग मुलांना, ज्यांत बहुतेक मुसलमान होती, सांभाळत होत्या. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निधन होईपर्यंत या चर्चला जवळजवळ रोज संध्याकाळी दूरध्वनी करून तेथील माणसे जेवली का, असे विचारत असत. १७ जुलै २०२५ रोजी इस्रायली तोफगोळा लागून त्या आवारात तीन जण मरण पावले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पिझ्झाबाल्ला ग्रीक ऑर्थोडॉक्स कुलगुरू तिसरे थिओफिलोस यांच्यासह गाझात पोहोचले. ज्याने ज्यू मुलांसाठी स्वतःचा देह देऊ केला, तोच मुसलमान आणि ख्रिस्ती आश्रितांकडे धावून गेला, आणि या दोन कृतींमध्ये त्याला कोणताही विरोध जाणवला नाही. श्रद्धेतून येणाऱ्या करुणेचे याहून स्पष्ट उदाहरण या युद्धात सापडणे अवघड आहे.

ज्यू आणि इस्लामी परंपरांतही या वृत्तीचा पाया पक्का आहे. मिश्ना या तिसऱ्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या ज्यू विधिग्रंथात एक जीव नष्ट करणे म्हणजे सगळे जग नष्ट करणे आणि एक जीव वाचवणे म्हणजे सगळे जग वाचवणे होय, अशा अर्थाचे वचन आहे, आणि कुराणाच्या पाचव्या अध्यायात हाच आशय इस्राएलच्या संततीला दिलेली आज्ञा म्हणून नमूद केलेला आहे. म्हणजे इस्लामचा पवित्र ग्रंथ येथे ज्यूंच्या वारशाचा उल्लेख करूनच बोलतो. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधील दास्यातून मुक्ती मिळाल्याच्या सणात ज्यू कुटुंबे मिसरवर आलेल्या दहा पीडांचा उच्चार करताना पेल्यातील द्राक्षरसाचे दहा थेंब बाहेर काढतात, आणि याचे रूढ स्पष्टीकरण असे की शत्रू मेला असला तरी त्याच्या यातनांमुळे मुक्तीचा आनंद तेवढा उणा झाला पाहिजे. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहात, एक अंत्ययात्रा जाताना पैगंबर आदराने उभे राहिले, आणि ती ज्यूची आहे असे कोणी सांगताच तोही एक जीवच नव्हता का, असे त्यांनी विचारले, असा प्रसंग नोंदलेला आहे.

या शिकवणीची किंमत चुकवणारी माणसे या भूमीत आजही आहेत. यित्झाक फ्रँकेंथाल या धार्मिक ज्यू गृहस्थाच्या आरिक नावाच्या मुलाला १९९४ मध्ये हमासने पळवून ठार केले, आणि त्याने पुढच्याच वर्षी युद्धात आप्त गमावलेल्या इस्रायली व पॅलेस्टिनी कुटुंबांना एकत्र आणणाऱ्या 'पेरेंट्स सर्कल' या संघटनेचा पाया घातला. गाझाच्या जबालियातील डॉक्टर इझ्झेलदीन अबुलैश यांच्या तीन मुली आणि एक पुतणी १६ जानेवारी २००९ रोजी इस्रायली रणगाड्याच्या गोळ्यांनी मारल्या गेल्या, तरी द्वेष करण्यास नकार देण्याचा आधार त्यांनी आपल्या इस्लामवरील निष्ठेतच शोधला आणि मुलींच्या स्मरणार्थ मध्यपूर्वेतील तरुणींच्या शिक्षणासाठी प्रतिष्ठान उभारले. जेरुसलेममधील रेचल गोल्डबर्ग-पोलिन आणि जॉन पोलिन या धर्मनिष्ठ दांपत्याचा मुलगा हर्श गाझात ओलीस असताना, ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोच्या जाहीर सभेत बोलताना त्यांनी दोन्ही बाजूंच्या यातनांचा उल्लेख केला आणि वेदनेच्या स्पर्धेत कोणीच विजयी होत नाही, असे सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत हर्श आणि आणखी पाच ओलीस मारले गेले. 'रॅबाइज फॉर ह्यूमन राइट्स' या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ऑलिव्हच्या हंगामात पॅलेस्टिनी शेतकऱ्यांबरोबर झाडांखाली उभे राहतात, जेणेकरून वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांपासून त्यांना थोडे तरी संरक्षण मिळावे. हे काम करताना त्यांतील काहींनी मारही खाल्ला आहे.

जेरुसलेमहून पूर्वेला यरीहोकडे जाणारा रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरून निघतो आणि तीसेक किलोमीटरच्या आत समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली उतरतो. ऑलिव्हची हिरवळ मागे पडते, टेकड्या बोडक्या व तांबूस होतात आणि हवा जड व उष्ण होत जाते. लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातला दृष्टान्त याच उतारावर घडतो: लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, बाजूने टाळून जातात, आणि एक शोमरोनी मात्र कळवळून थांबतो, जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसे देतो. शोमरोनी हा इस्राएली मूळ सांगणारा, परंतु जेरुसलेमऐवजी गरिज्जीम डोंगराला पवित्र मानणारा समाज होता, आणि त्या डोंगरावरील त्यांचे मंदिर ज्यू राज्यकर्त्या योहान हिर्कानसने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात उद्ध्वस्त केल्यापासून वैर धगधगत होते. त्याच शुभवर्तमानाच्या आधीच्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही, म्हणून त्याचे शिष्य गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची अनुज्ञा मागतात आणि येशू त्यांनाच धमकावतो. हा क्रम ध्यानात घेतला, तर दृष्टान्ताचे धाडस कळते, कारण ज्या समाजाने नुकतेच दार बंद केले होते, त्याच समाजातील माणसाला येशू करुणेचा आदर्श म्हणून उभा करतो. शेजारी कोण, या कायद्याच्या प्रश्नाला तो व्याख्येने उत्तर देत नाही. त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असा उलट प्रश्न विचारून तो निवड ऐकणाऱ्यावर टाकतो.

या वाटेवर परंपरेने त्या उतारशाळेची मानली गेलेली जागा आहे, जेथे २००९ पासून ज्यू आणि शोमरोनी सभास्थानांच्या तसेच चर्चच्या प्राचीन नक्षीफरशा मांडलेल्या आहेत, आणि त्यांत गाझातील सहाव्या शतकातील एका ज्यू सभास्थानाची फरशीही आहे. गाझा आणि ज्यू यांचे नाते युद्धाहून किती जुने आहे, याची ती साक्ष देते. तेथून अगदी जवळ खान अल-अहमर ही जहालीन बेदुइनांची, म्हणजे मेंढपाळ अरब टोळीची, पत्र्यांची वस्ती आहे. हे लोक मूळचे नेगेव वाळवंटातले, आणि १९५० च्या दशकात तेथून हुसकले गेल्यावर येथे आले. २००९ मध्ये त्यांच्या मुलांसाठी जुने टायर आणि माती वापरून शाळा बांधली गेली, आणि २०१८ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्याअभावी ही वस्ती पाडण्यास हरकत नसल्याचा निर्णय दिला. आंतरराष्ट्रीय विरोधामुळे ती कारवाई लांबत गेली. समोरच्या टेकडीवर १९७५ मध्ये वसवलेल्या माले अदुमीम या इस्रायली वसाहतीत आज हजारो कुटुंबे राहतात, ज्यांतील अनेकांना ते केवळ जेरुसलेमचे एक उपनगर वाटते. दृष्टान्तातील याजक आणि लेवी दुष्ट नव्हते. ते घाईत होते, भ्यालेले होते आणि बाजूने जाता येईल एवढा रस्ता रुंद होता. आजच्या महामार्गाने ती सोय कितीतरी वाढवली आहे, आणि म्हणून थांबण्याचे कर्तव्य आता सवयीने पार पडत नाही, ते ठरवून स्वीकारावे लागते.

जेरुसलेमच्या पश्चिमेला सपाटीवर रामला हे आठव्या शतकात उमय्या खलिफांनी वसवलेले शहर आहे. जुलै १९४८ मध्ये येथील आणि शेजारच्या लोद शहरातील हजारो अरबांना इस्रायली सैन्याने घालवून दिले. पॅलेस्टिनी ज्याला नकबा, म्हणजे महाआपत्ती, म्हणतात त्या वर्षी सुमारे ७,००,००० माणसे निर्वासित झाली. खैरी कुटुंबाचे येथील घर बल्गेरियातून आलेल्या ज्यू एश्केनाझी कुटुंबाला मिळाले. बल्गेरियातील ज्यू १९४३ मध्ये नाझींच्या छळछावण्यांपासून बचावले, त्यात तेथील ऑर्थोडॉक्स चर्चच्या बिशपांनी केलेल्या विरोधाचा मोठा वाटा होता. म्हणजे एश्केनाझींच्या दालिया या ज्या मुलीला या घरात वाढायचे होते, तिचे आयुष्यच परधर्मीयांच्या धैर्याचे देणे होते. १९६७ मध्ये बशीर खैरी आपले जन्मघर पाहण्यासाठी दाराशी आले आणि दालिया एश्केनाझी यांनी त्यांना आत घेतले. पुढे बशीर यांना जेरुसलेममधील प्राणघातक स्फोटाच्या प्रकरणात दीर्घ तुरुंगवास आणि नंतर हद्दपारी झाली, दोघांच्या राजकीय भूमिकांतील अंतर कधीच मिटले नाही, आणि तरीही १९९१ मध्ये दालिया व त्यांचे पती, आंतरधर्मीय संवादाचे अभ्यासक येहेझकेल लांडाऊ यांच्या पुढाकाराने त्या घरात अरब मुलांसाठी बालवाडी आणि ज्यू-अरब भेटीचे केंद्र सुरू झाले. करुणेसाठी मतैक्याची पूर्वअट घालता येत नाही, आणि मतभेद कायम राखूनही झालेल्या अन्यायाची कबुली देता येते, हे या घराने दाखवून दिले.

रामलामध्येच महाराष्ट्राशी खरे नाते सांगणारा समाज भेटतो. कोकणातील बेने इस्रायल ज्यू, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे अलिबागच्या परिसरात शनवार तेली म्हणत, १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठ्या संख्येने इस्रायलला आले आणि रामला, लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे वसले. त्यांच्या घरांत मराठी अद्याप ऐकू येते आणि एलियाहू हनावी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे व फळांचा मलिदा अद्याप केला जातो. इस्रायलमध्ये त्यांच्या ज्यू असण्यावरच धर्मपीठाने शंका घेतली आणि आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली, तर कोकणात हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांमध्ये शतकानुशतके राहूनही धर्मासाठी छळ झाल्याची स्मृती त्यांच्याकडे नाही. ज्यू आणि मुसलमान यांचे वैर जन्मजात व अटळ आहे, असे सांगणाऱ्या प्रत्येकाला रायगड जिल्ह्यातील गावे शांतपणे खोटे पाडतात.

अश्दोदवरून दक्षिणेला गेल्यावर गव्हाची शेते आणि निलगिरीच्या रांगा लागतात, आणि त्यांच्यापलीकडे गाझाचे कुंपण दिसते. येथील किब्बुत्झांपैकी, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतींपैकी, बेएरीमध्ये ७ ऑक्टोबरला सुमारे शंभर माणसे मारली गेली. त्यांत व्हिवियन सिल्व्हर होत्या, ज्या 'विमेन वेज पीस' या २०१४ मध्ये स्थापन झालेल्या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक होत्या आणि गाझातील रुग्णांना सीमेवरून इस्रायली रुग्णालयांत नेण्याचे काम करत असत. त्या हल्ल्याच्या तीनच दिवस आधी त्या चळवळीने पॅलेस्टिनी स्त्रियांच्या संघटनेसह जेरुसलेममध्ये व मृत समुद्राच्या काठी मेळावा घेतला होता. नीर ओझचे ओदेद लिफ्शित्झ हेही असेच रुग्णांना गाडीतून नेत असत. त्यांना ओलीस नेण्यात आले आणि कैदेत त्यांचा अंत झाला. नेतिव हाअसारा येथे आईवडील गमावलेले माओझ इनोन आणि इस्रायली कैदेतील छळानंतर भाऊ गमावलेले पॅलेस्टिनी अझीझ अबू सारा यांनी मे २०२४ मध्ये वेरोना येथे पोप फ्रान्सिस यांच्यासमोर परस्परांना आलिंगन दिले, आणि ते दोघे त्यानंतरही एकत्र काम करत राहिले. कुंपणापलीकडे प्रवाशाला प्रवेश नाही. तिकडचे मृत त्याला नोंदींतून, छायाचित्रांतून आणि वाचलेल्यांच्या साक्षींतून जाणून घ्यावे लागतात, आणि डोळ्यांनी पाहिलेले दुःख अधिक खरे व न पाहिलेले दुःख कमी खरे मानण्याच्या मानवी दुबळेपणावर याच ठिकाणी जाणीवपूर्वक मात करावी लागते.

या सर्व प्रवासातून श्रद्धेच्या मागण्या पुरेशा स्पष्ट होतात. शत्रूच्या मृत्यूवर आनंद मानू नये, ही सर्वात खालची पायरी आहे आणि तीही आज अनेकांना चढवत नाही. तिच्या वरची पायरी म्हणजे दुसरा पक्ष आधी रडेल याची वाट न पाहता त्याच्या मृतांसाठी शोक करणे. आणि सर्वात अवघड पायरी म्हणजे कृत्याला त्याच्या नावाने हाक मारणे: निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल आणि मुलांना ओलीस धरणे हे पाप आहे, आणि एका अख्ख्या लोकसमूहाला उपाशी ठेवणे, शहरे जमीनदोस्त करणे व पिढ्यान्‌पिढ्या लष्करी अंमलाखाली ठेवणे हेही पाप आहे. दोन्ही बाजूंचे सामर्थ्य सारखे नाही, म्हणून जबाबदारीही सारखी नाही. जीवांचे मोल मात्र सारखेच आहे, आणि या दोन विधानांपैकी एकही सोडले तर करुणा एकतर भावुक होते किंवा पक्षपाती होते.

महाराष्ट्रातील श्रद्धावंताला या युद्धात थेट काही करता येत नसले, तरी एक गोष्ट त्याच्या पूर्ण हातात आहे. दूरच्या या शोकाचा उपयोग येथल्या हिंदू-मुसलमान तेढीला सरपण म्हणून करण्याचा मोह सर्वत्र दिसतो, कोणी गाझाच्या मुलांचे नाव घेऊन आणि कोणी इस्रायलच्या ओलिसांचे नाव घेऊन; आणि अशा वापरात त्या मृतांचा दुसऱ्यांदा अपमान होतो. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये किंवा सभास्थानात जो कोणी शांतीसाठी प्रार्थना करतो, त्याने दोन्ही बाजूंच्या मृतांना त्या प्रार्थनेत जागा द्यावी, जखमींसाठी जमेल ती मदत पाठवावी आणि आपल्या गल्लीत ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दाराशी जावे. फ्रँकेंथाल, अबुलैश आणि दालिया यांनी स्वतः मोठी किंमत मोजून जे साधले, त्याचा एवढा अंश तरी ज्यांची घरे शाबूत आहेत त्यांच्याकडून मागणे मुळीच अवाजवी नाही.